साहाय्य-पृष्ठांची पुनर्रचना : ग्नू ऑक्टेव्हच्या निमित्ताने

१. मुक्या चुकीचा प्रश्न

गणिताच्या कामात संगणकाचे साहाय्य घेणाऱ्या अभ्यासकाला दोन जातींच्या चुका भेटतात. पहिल्या जातीची चूक बोलकी असते. कंस अपुरा राहिला किंवा आव्यूहांची परिमाणे जुळली नाहीत, की संगणक तेथेच अडतो व तसे सांगतो. दुसऱ्या जातीची चूक मुकी असते. आज्ञा शुद्ध असते, उत्तर येते, उत्तराचा आकारही अपेक्षेप्रमाणे असतो. मात्र संगणकाने सोडविलेला प्रश्न आणि अभ्यासकाच्या मनातील प्रश्न एक नसतात. ही दुसरी चूक होऊ न देण्याचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे आज्ञावलीसोबत येणारी साहाय्य-पृष्ठे होत.

एक अगदी लहान उदाहरण घेऊ. क्ष + य = २ हे एकच समीकरण दिले आहे. अज्ञाते दोन असल्यामुळे उत्तरे अनंत आहेत. ग्नू ऑक्टेव्ह या मुक्तस्रोत आज्ञावलीत डाव्या भागाकाराचे चिन्ह, म्हणजे उलटी तिरपी रेघ, वापरून हे समीकरण सोडवावयास दिले असता क्ष = १, य = १ असे उत्तर मिळते. तीच ओळ अक्षरही न बदलता मॅटलॅब या व्यापारी आज्ञावलीत दिली असता क्ष = २, य = ० असे उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे समीकरणाचे समाधान करतात, तेव्हा यांतील कोणतेही चूक म्हणता येत नाही. फरक आहे तो निवडीचा. ऑक्टेव्ह सर्व संभाव्य उत्तरांतून ज्या सदिशाची लांबी किमान आहे ते उत्तर निवडते. मॅटलॅब असे उत्तर निवडते की ज्यातील शून्येतर घटकांची संख्या आव्यूहाच्या कोटीहून अधिक नसते.

दोन अज्ञातांच्या बाबतीत ही केवळ कुतूहलाची गोष्ट ठरेल. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने प्रायोगिक सामग्रीवर प्रतिमान बसविले, त्यातील काही चल एकमेकांवर अवलंबून निघाले, आणि मिळालेल्या सहगुणकांवरून त्याने ‘अमुक घटकाचा परिणाम शून्य आहे’ असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष निसर्गाचा नसून आज्ञावलीच्या निवडीचा असू शकतो. एका आज्ञावलीवरील पाठ्यपुस्तक वाचून दुसरीवर काम करणाऱ्याला हा धोका विशेष. ऑक्टेव्ह किमान लांबीचे उत्तर देते ही माहिती तिच्या पुस्तिकेत दिलेली आहे. प्रश्न एवढाच, की ज्याला तिची गरज आहे त्याला ती गरजेच्या क्षणी सापडते काय? मुक्तस्रोत गणिती आज्ञावलींच्या साहाय्य-गवाक्षांच्या आधुनिकीकरणाचा विचार करताना रंग, चित्रे व बटणे यांच्या आधी हा प्रश्न विचारात घ्यावयास हवा.

२. ऑक्टेव्हची घडण

ऑक्टेव्हची कल्पना १९८८च्या सुमारास पुढे आली ती एका पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स रॉलिंग्ज आणि टेक्सस विद्यापीठातील जॉन एकर्ट हे रासायनिक अभिक्रिया-पात्रांच्या संकल्पनावर पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहीत होते, व त्याला जोड म्हणून एक गणनसाधन हवे होते. जॉन ईटन यांनी १९९२ साली या कामास पूर्ण वेळ वाहून घेतले आणि १९९४च्या फेब्रुवारीत १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. नावाचा संगीतातील सप्तकाशी संबंध नाही. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हेन्स्पील हे ईटन यांचे शिक्षक. कागदाच्या कपट्यावर झटपट अंदाजी गणित मांडण्याबद्दल त्यांची ख्याती होती, व त्यांचे नाव या आज्ञावलीस देण्यात आले.

सुमारे दोन दशके ऑक्टेव्ह ही केवळ टर्मिनलवर, म्हणजे अक्षरांच्या पडद्यावर, चालणारी आज्ञावली होती. २०१३च्या अखेरीस निघालेल्या ३.८ या आवृत्तीत तिला प्रथमच स्वतःचा चित्रमय दर्शनी भाग प्रायोगिक स्वरूपात मिळाला, आणि २०१५ मधील ४.० या आवृत्तीपासून तो नेहमीचा म्हणून रूढ झाला. हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. साहाय्याचा मजकूर जुना आहे, त्याचा गवाक्ष नवा आहे. पडद्यावर केवळ अक्षरे उमटत असत त्या काळी लिहिलेला मजकूर चित्रमय गवाक्षात आणताना ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

३. एक मूळ, अनेक रूपे

ऑक्टेव्हमधील प्रत्येक फलनाचे वर्णन त्या फलनाच्या मूळ लेखातच, आरंभीच्या टीपेत, लिहिलेले असते. ते लिहिण्याची भाषा म्हणजे टेक्सइन्फो. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पात १९८०नंतरच्या दशकात ती तयार झाली. तिचा हेतू असा, की लेखकाने मजकूर एकदाच लिहावा आणि त्यातून मुद्रित पुस्तकही निघावे व पडद्यावर वाचावयाचा पाठही निघावा. मुद्रणासाठी ती डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक् या अक्षरजुळणी-प्रणालीचा आधार घेते; पडद्यासाठी इन्फो नावाचा साधा अक्षरपाठ किंवा एचटीएमएल पृष्ठे निर्माण करते.

एकाच मूळ मजकुरातून ऑक्टेव्हचा वाचक पुढील चार वाटांनी पोहोचू शकतो. ‘हेल्प’ ही आज्ञा दिली असता त्या फलनाचे वर्णन आज्ञा-पटलावर साध्या अक्षरांत उमटते. ‘डॉक’ ही आज्ञा दिली असता संपूर्ण पुस्तिकेतील नेमके स्थळ उघडते. ‘लुकफॉर’ ही आज्ञा एखादा शब्द सर्व वर्णनांच्या पहिल्या वाक्यांत शोधते; सांगितल्यास संपूर्ण वर्णनांतही शोधते. चौथी वाट मुद्रणयोग्य ग्रंथाची. हा ग्रंथ हजारांहून अधिक पृष्ठांचा झाला आहे.

आपल्या परंपरेतील वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. ‘हेल्प’चे उत्तर हे सूत्र आहे, पुस्तिका हे भाष्य आहे. सूत्र थोडक्यात असावे व भाष्य त्याच्याशी बांधलेले असावे, ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच. या एकमूळ रचनेचा लाभ असा, की वर्णनात दुरुस्ती केली म्हणजे ती चारही ठिकाणी आपोआप पोहोचते. म्हणून आधुनिकीकरणाच्या कोणत्याही योजनेने पहिली अट ही पाळावयास हवी, की दर्शनी सौंदर्यासाठी मजकुराची दुसरी, स्वतंत्र प्रत निर्माण होऊ नये. दोन प्रती झाल्या की त्यांचे वय वेगळे वाढू लागते.

दुसरी अट आवृत्तीच्या एकवाक्यतेची. आज साऱ्या पुस्तिका संकेतस्थळांवर उपलब्ध असताना आज्ञावलीच्या पोटात साहाय्य ठेवण्याचे प्रयोजन काय, असे विचारले जाते. त्याचे उत्तर असे की संकेतस्थळावरील पृष्ठ सामान्यतः नवीनतम आवृत्तीचे असते, तर प्रयोगशाळेतील संगणकावर पुष्कळदा जुनी आवृत्ती असते. आर या सांख्यिकी प्रणालीत सामग्रीचा तक्ता तयार करताना शब्दरूप स्तंभांचे आपोआप वर्गचलांत रूपांतर होत असे. २०२० मधील ४.० या आवृत्तीपासून ही पूर्वमान्यता उलटविण्यात आली. नव्या आवृत्तीचे पृष्ठ वाचून जुन्या आवृत्तीवर काम करणारा अभ्यासक येथे मुक्या चुकीच्या आहारी जाईल. पोटातील साहाय्य त्या विशिष्ट आवृत्तीविषयीच बोलते, शिवाय जाळ्याची जोडणी नसतानाही बोलते.

४. जुना गवाक्ष व नवा

ऑक्टेव्हच्या चित्रमय दर्शनी भागातील पहिला साहाय्य-गवाक्ष इन्फो पाठच वाचत असे. तो पाठ उघडून, त्यातील दुवे ओळखून, समान रुंदीच्या अक्षरांत तो पडद्यावर मांडला जाई. तेव्हा गवाक्ष जरी नवा असला तरी वाचकाला दिसत असे ते टर्मिनलवरील जुनेच पृष्ठ. शीर्षके, तक्ते व उदाहरणे यांतील भेद इन्फोमध्ये येईपर्यंत बराचसा पुसला गेलेला असतो. तो पुन्हा शोधून काढणे म्हणजे पाटावरील रांगोळी पाहून मूळ ठिपके मोजण्यासारखे होते.

पुढे ही पद्धत सोडून देण्यात आली व क्यूट या ग्रंथालयातील साहाय्य-यंत्रणा स्वीकारण्यात आली. ऑक्टेव्हचा दर्शनी भाग क्यूटवरच उभा असल्यामुळे ही निवड स्वाभाविक होती. नव्या पद्धतीत टेक्सइन्फोपासून एचटीएमएल पृष्ठे तयार होतात. ती सारी, त्यांच्या अनुक्रमणिकेसह व फलनांच्या सूचीसह, एका संक्षिप्त कोशात बांधली जातात. गवाक्षाच्या एका बाजूस अनुक्रमणिका, फलन-सूची, वाचनखुणा व शोध असे चार विभाग असतात आणि दुसऱ्या बाजूस पृष्ठ उघडते. वाचकाच्या दृष्टीने हे स्पष्ट पुढचे पाऊल होय. तथापि पृष्ठ दाखविणारे जे अंग येथे वापरले आहे ते पूर्ण ब्राउझर नव्हे. एचटीएमएलचा मर्यादित अंशच ते जाणते; जावास्क्रिप्ट चालविणे त्याला शक्य नाही. आधुनिकीकरणाचा सर्वांत कठीण प्रश्न येथेच उभा राहतो.

५. सूत्राचा प्रश्न

गणिती आज्ञावलीच्या साहाय्यात सूत्र नीट दिसावे, याहून साधी अपेक्षा ती कोणती? परंतु ती पुरविणे साधे नाही. गॅमा फलनाचे वर्णन घ्या. मुद्रित ग्रंथात शून्यापासून अनंतापर्यंतचे संकलन टेक्-च्या कृपेने सुबक उमटते. अक्षरपाठात मात्र संकलन-चिन्ह उभे करण्यासाठी वर एक तिरपी रेघ, मध्ये एक उभी रेघ व खाली पुन्हा एक तिरपी रेघ अशी तीन ओळींत मांडणी करावी लागते, आणि वरच्या मर्यादेच्या जागी ‘अनंत’ हा शब्द अक्षरांनी लिहावा लागतो. मूळ लेखात या दोन्ही आकृत्या एकाखाली एक लिहिलेल्या असतात: एक ‘टेक् असेल तर’, दुसरी ‘टेक् नसेल तर’. एचटीएमएल पृष्ठे दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यामुळे रंगीत, दुवे असलेल्या, आधुनिक दिसणाऱ्या गवाक्षातही सूत्र येते ते रेघांच्या जुळवाजुळवीचेच.

यात केवळ सौंदर्याची हानी नाही. आपण वर सांगितलेली एकमूळ रचना नेमकी येथे भंगते. सूत्र दोनदा लिहिले जाते. एका ठिकाणची दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी व्हावयाची राहू शकते. आणि मग मुद्रित ग्रंथ व पडदा यांत मतभेद निर्माण होतो. शिवाय दृष्टिहीन अभ्यासक पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाने ऐकतो. त्याच्या कानी ‘तिरपी रेघ, उभी रेघ, तिरपी रेघ’ एवढेच पडेल. संकलन त्याला कळणारच नाही. सूत्राची रचना जतन करणारे गणितखूण-भाषेचे रूप, ज्याला मॅथएमएल म्हणतात, त्या साधनाला वाचता येते. म्हणजे सूत्राचा प्रश्न हा अंशतः ज्ञान कोणाला खुले राहते याचा प्रश्न आहे.

यावर तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग असा की गवाक्षात पूर्ण ब्राउझरच बसवावा. क्यूटपाशी क्रोमियमवर आधारलेले तसे अंग आहे; त्यात मॅथजॅक्ससारखी सूत्र-जुळणीची साधने सुखाने चालतील. पण ते अंग आकाराने अवजड आहे. त्याहून मोठी अडचण अशी की विंडोजवर ते मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधावे लागते, आणि ऑक्टेव्हची विंडोजसाठीची प्रत मिनजीडब्ल्यू या मुक्त साधनसंचाने बांधली जाते. साहाय्य-पृष्ठातील संकलन-चिन्हासाठी बांधणीची सारी व्यवस्था बदलणे, हे स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाला परवडणारे नाही.

दुसरा मार्ग आर या प्रणालीने स्वीकारला आहे. २००९ मधील २.१० या आवृत्तीपासून ती स्वतःच्याच पोटात एक लहानसा सेवक चालविते. तो मागणीप्रमाणे साहाय्य-पृष्ठ तयार करतो व वापरणाऱ्याच्या नेहमीच्या ब्राउझरला पुरवितो. सारा व्यवहार त्याच संगणकावर होत असल्यामुळे बाहेरच्या जाळ्याची गरज नाही व आवृत्तीची एकवाक्यताही टिकते. २०२२ मधील ४.२ या आवृत्तीत या पृष्ठांना केटेक् या साधनाची जोड मिळाली, आणि पूर्वी साध्या अक्षरांत दिसणारी सूत्रे सुबक दिसू लागली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की आरच्या वर्णन-भाषेत सूत्राचे टेक्-रूप फार पूर्वीपासून लिहिलेले होते. मूळ मजकूर सकस होता म्हणून नव्या दर्शनी भागाला त्याचा लाभ घेता आला. या मार्गाचा दोष एवढाच, की साहाय्य आज्ञावलीच्या बाहेर, दुसऱ्या खिडकीत जाते.

तिसरा मार्ग मध्यम आहे. पृष्ठे बांधतानाच सूत्रांची चित्रे करून ती कोशात घालावीत. मर्यादित अंगालाही चित्र दाखविता येते. मात्र अक्षरे मोठी केली असता चित्र त्या प्रमाणात सहज वाढत नाही, काळ्या पार्श्वभूमीवर काळे सूत्र दिसेनासे होते, आणि चित्रासोबत पर्यायी पाठ न दिल्यास दृष्टिहीन वाचकाची अडचण तशीच राहते. आमच्या मते या तिन्ही मार्गांत निवड करण्यापूर्वी एक काम अटळ आहे: प्रत्येक सूत्र मुळात एकदाच, रचनायुक्त रूपात, लिहिले जावे. टेक्सइन्फोच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एकाच गणिती खुणेतून मुद्रण व एचटीएमएल दोन्ही साधण्याची सोय झाली आहे. तिचा उपयोग करून जुनी जोडवर्णने क्रमाने एक करणे हे शांतपणे, फलनामागून फलन घेऊन, करावयाचे काम आहे.

६. नाव माहीत नसलेल्याचा शोध

आता आरंभीच्या उदाहरणाकडे परत येऊ. किमान लांबीच्या उत्तराची माहिती ऑक्टेव्हच्या पुस्तिकेत अंकगणिती चिन्हांच्या प्रकरणात आहे. आव्यूहाचा प्रकार पाहून कोणती रीत निवडली जाते, म्हणजे त्रिकोणी आव्यूहास क्रमवार आदेश, सममित व धन कर्ण असलेल्या आव्यूहास प्रथम शोलेस्कीची रीत, अन्यथा सर्वसाधारण विघटन, व चौरस नसलेल्या वा एकल आव्यूहास लघुतम वर्गांची रीत, हे विवेचन रेषीय बीजगणिताच्या प्रकरणात आहे. दोन्ही स्थळे योग्य आहेत. परंतु विद्यार्थी त्यांपाशी कसा पोहोचणार? फलन-सूची नावावरून शोधते, आणि येथे तर नावही नाही, एक तिरपी रेघ आहे. पूर्णपाठ-शोध शब्दांवरून शोधतो. ‘समीकरणे सोडविणे’ एवढीच कल्पना मनात असलेल्याला तो शेकडो स्थळे दाखवील.

या ठिकाणी जुन्या ग्रंथविद्येतील एक साधन उपयोगी पडते. टेक्सइन्फोत फलनांच्या सूचीखेरीज संकल्पनांची वेगळी सूची करण्याची सोय प्रथमपासून आहे, आणि ऑक्टेव्हच्या पुस्तिकेस अशी सूची जोडलेलीही आहे. ती माणसाने विचारपूर्वक केलेली असते. शब्द वेगळा असूनही आशय एक असेल तर तेथे दुवा देता येतो, हा तिचा विशेष. गवाक्षाच्या कडेच्या पट्टीत फलन-सूचीला जे स्थान मिळाले आहे ते संकल्पना-सूचीलाही द्यावे, ती समृद्ध करावी, आणि विद्यार्थी प्रत्यक्षात ज्या शब्दांनी विचारतात ते शब्द तीत घालावेत, ही सुधारणा यंत्रदृष्ट्या लहान व फलदृष्ट्या मोठी आहे. मॅक्सिमा या बीजगणिती प्रणालीत एक प्रश्नचिन्ह दिल्यास नेमक्या नावाचा आणि दोन प्रश्नचिन्हे दिल्यास अदमासे नावाचा शोध होतो. तीही सोय शेवटी नावाशीच थांबते.

७. उदाहरणाचे प्रामाण्य

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त प्रथम करणसूत्र, मग उदाहरण, मग न्यास असा क्रम आहे. सूत्र वाचून जे कळत नाही ते उदाहरण मांडून पाहिले असता कळते, हा अध्यापनाचा अनुभव आठ शतकांहून जुना आहे. साहाय्य-पृष्ठातही वाचकाची दृष्टी प्रथम उदाहरणाकडे जाते. म्हणून ते चुकीचे असेल तर वर्णन कितीही बरोबर असून उपयोग नाही.

सेज या, २००५ साली विल्यम स्टाइन यांनी आरंभिलेल्या, प्रणालीत साहाय्यातील उदाहरणे हीच चाचण्या म्हणून चालविली जातात. आज्ञावलीत बदल झाला आणि पृष्ठावरील उत्तर खोटे ठरले तर चाचणी नापास होते व दोष उघडा पडतो. ऑक्टेव्हमध्ये चाचण्या व प्रात्यक्षिके फलनाच्या मूळ लेखातच, पण वर्णनापासून वेगळी, लिहिण्याची प्रथा आहे. ‘डेमो’ ही आज्ञा ती प्रात्यक्षिके चालवून दाखविते. साहाय्य-गवाक्षातील पृष्ठावरूनच प्रात्यक्षिक चालविता आले आणि वर्णनातील उदाहरणेही नियमाने तपासली गेली, तर पृष्ठ व आज्ञावली यांच्यात अंतर पडणार नाही.

८. समारोप

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मुक्तस्रोत साधनांचा शिक्षणात प्रसार करणारा फॉसी हा प्रकल्प चालतो, आणि तेथूनच निघालेल्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात सायलॅबसारख्या गणिती आज्ञावलींवरील दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध झाले आहेत. साहाय्य हे परिभाषेसकट वाचकाच्या भाषेत देता येते, हे त्यावरून दिसते. ऑक्टेव्हच्या साहाय्याचा मूळ मजकूर इंग्रजीत आहे. त्याचे समग्र भाषांतर हा दूरचा विषय झाला. परंतु संकल्पना-सूचीत भर घालणे, जोडसूत्रे एक करणे, एखादे उदाहरण तपासून दुरुस्त करणे, ही कामे गणिताचा कोणताही पदव्युत्तर विद्यार्थी हाती घेऊ शकतो. त्यास चित्रमय रचनेचे ज्ञान लागत नाही; विषयाचे ज्ञान व वाचकाची कणव लागते.

सारांश असा की साहाय्य-गवाक्षाचे आधुनिकीकरण तीन थरांत पाहावे. सर्वांत वर दर्शनी भाग आहे. तो दर दहा-पंधरा वर्षांनी बदलणारच. त्याखाली शोधाची व्यवस्था आहे. ती वाचकाच्या प्रश्नापासून आरंभ करणारी असावी. सर्वांत खाली मूळ मजकूर आहे. तो एक, रचनायुक्त व तपासलेला असावा. वरचा थर बदलण्याचा मोह होतो, कारण तो दिसतो. पण क्ष + य = २ या समीकरणाचे आपल्यासमोर आलेले उत्तर कोणत्या निवडीतून आले, हे ज्याला कळावयास हवे, त्याचे काम खालच्या दोन थरांवाचून होत नाही.